पहिली पोर्शे ९११: पीडीके की मॅन्युअल?

जुनी ९९७ करेरा (९११ चीच एक पिढी) घेताय, मस्त! ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी साल बघा. २००८ च्या मध्यापर्यंत ५ गिअरची टिपट्रॉनिक यायची, मग ७ गिअरची, दोन क्लचची पीडीके आली. जाहिरातीत दोन्ही नुसत्या ‘ऑटोमॅटिक’! रोज ट्रॅफिकमध्ये चालवणार असाल तर पीडीके बिनधास्त घ्या.

मॅन्युअल घेताना:

- चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला पण वेग नाही, तर क्लच संपत आलाय.
- ओव्हररेव्ह रिपोर्ट (इंजिन मर्यादेपेक्षा जास्त किती वेळा फिरलं, याची गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद) मागाच. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, की चाकंच इंजिनाला लाल रेषेपलीकडे (आरपीएमच्या सुरक्षित मर्यादेबाहेर) फिरवतात. तिथे रेव्ह लिमिटरचाही (आरपीएम मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचाही) इलाज चालत नाही.

गाडी चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नका. हील-अँड-टो (गिअर उतरवताना उजव्या पायानेच ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबणं) सध्या राहू दे.