रोज कुणाला तरी मदत केली तर मन खरंच आनंदी राहतं का? किती करावी?

हो, पण रोज एक असा रतीब घातला की ती दात घासण्याइतकी सवयीची होते, जाणवतच नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ६ आठवडे, आठवड्याला ५ चांगली कामं केली. आनंद वाढला तो पाचही एकाच दिवशी करणाऱ्यांचा.

म्हणून एक वार ठरवा आणि कामं बदलत राहा: आजाऱ्याची विचारपूस, नवख्याला काम समजावणं, कुणाचं नुसतं ऐकून घेणं (हे सगळ्यात अवघड). मदतीचा उपयोग झालेला दिसला तर समाधान जास्त. भिडेखातर ‘हो’ म्हणाल तर मात्र चिडचिडच वाढेल. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठा.