कुंचला पुन्हा हाती घेताना

प्रश्न : बँकेतील २७ वर्षांच्या नोकरीनंतर साताऱ्यात मी जलरंग पुन्हा हाती घेतले, पण अजिंक्यताऱ्याचे प्रत्येक चित्र चिखलासारखे मळकट होते. हात गेला असे समजावे काय?

उत्तर : हात गेलेला नाही, उतावीळपणा आला आहे. पहिला थर ओलसर असतानाच त्यावर दुसरा फिरवला की रंग मळतात. तेव्हा हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून पाहावी आणि गारवा जाणवला तर थांबावे. कागद जाड, ३०० ग्रॅमचा (हे वजन दर चौरस मीटरचे) घ्यावा, पातळ कागद पाण्याने फुगतो. जुन्या नळ्यांतील वाळलेला रंग टाकू नये (बँकेतला माणूस सहसा टाकतही नाही), कारण त्यातील डिंक पाण्याने पुन्हा सुटतो. एकदा सातारा जिल्ह्यातल्याच औंधला जाऊन यावे. तेथील श्रीभवानी संग्रहालय उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थानाचा कारभार सांभाळून स्वतः चित्रे काढीत.