पहिली चाल डी४ असूनही कार्पोव्ह-टोपालोव्ह डाव ‘सिमेट्रिकल इंग्लिश’ कसा?

आपण विचारले आहे की, १९९४ च्या लिनारेस बुद्धिबळ स्पर्धेतील कार्पोव्ह (पांढरी मोहरी) विरुद्ध टोपालोव्ह (काळी मोहरी) हा डाव डी४ ने, म्हणजे पांढरे प्यादे डी४ या घरात सरकवून, सुरू होतो, तरी तो सिमेट्रिकल इंग्लिशमध्ये (पांढऱ्याच्या सी४ ला काळ्याचे सी५ असे आरशासारखे उत्तर) का धरतात आणि एवढ्या शांत नावाच्या ओपनिंगमधून, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींमधून, असा हल्ला निघतो कसा.

ओपनिंगचे नाव पटावर उभ्या राहणाऱ्या स्थितीवरून ठरते. तेथे कोणत्या क्रमाने पोहोचलो याला महत्त्व नसते. पांढऱ्याने सी४ व काळ्याने सी५ खेळून डी४ नंतर आले असते, तरी प्याद्यांच्या मारामारीनंतर चौथ्या चालीला हाच पट दिसला असता. म्हणूनच ओपनिंगांच्या कोशात सिमेट्रिकल इंग्लिशसाठी राखलेल्या ए३० ते ए३९ या संकेतांमध्ये तो मोडतो. गंमत म्हणजे प्रत्यक्ष डावात दोन्ही बाजू एकदाही आरशातल्यासारख्या दिसत नाहीत.

माझ्या मते हल्ल्याचे बीज अकराव्या चालीत आहे. टोपालोव्हने घोडा एच५ वर आणून एफ४ वरच्या उंटावर रोख धरला, तेव्हा कार्पोव्हने उंट न हलवता ई३ खेळून तो मारू दिला. ई प्याद्याने परत मारल्यामुळे त्याची दोन प्यादी एकाच पट्टीत (पटावरच्या उभ्या रांगेत) एकामागे एक आली खरी, पण ई पट्टी हत्तीसाठी मोकळी झाली. पुढे अठराव्या चालीला घोडा सी५ वर बळी दिला, वजिराने डी७ वरचा उंट घेतला आणि विसाव्या चालीला त्याच ई पट्टीवरच्या हत्तीने ई६ चे प्यादे मारले. हा हत्ती लगेच घेतला असता, तर वजिराने ई६ वर शह देऊन पाठोपाठ जी२ च्या उंटाने सी६ चा घोडा उचलला असता. मी पट मांडून शिकवतो तेव्हा मुले येथे हमखास हत्तीकडे पाहत बसतात आणि कोपऱ्यातला उंट विसरतात. टोपालोव्हने हत्ती ए७ वर आणून वजिरावर रोख धरला, तर कार्पोव्हने तोच हत्ती जी६ वर शह देत सोडून दिला, आणि मग वजिराचा शह व घोड्याचा घास हे दोन्ही झालेच. अठ्ठाविसाव्या चालीला दुसरा हत्तीही उंटाच्या बदल्यात गेला. एकोणचाळिसाव्या चालीनंतर काळ्याने डाव सोडला.

त्या स्पर्धेत कार्पोव्हने १३ डावांत ११ गुण मिळवले, तर कास्पारोव्ह आणि शिरोव्ह प्रत्येकी साडेआठवर थांबले.