तेताला जमेल आणि शाळेतही चालेल असं नाव

‘अरबीत अर्थ चांगला हवा, इंग्रजीत उच्चार सोपा हवा आणि दोन्ही घरच्यांना पसंत पडायला हवं. असं एखादं नाव सुचवाल का?’ समुपदेशक म्हणून परदेशातल्या जोडप्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक कोकणी मुसलमान घरांतले असतात, आखातात किंवा इंग्लंडात स्थिरावलेले. अलीकडे त्यांत अरब जोडीदार असलेलेही दिसतात. नावांच्या याद्या त्यांच्याकडे ढिगाने असतात. पण यादीतल्या प्रत्येक नावावर घरात कुणाचं तरी तोंड वाकडं होतं, म्हणून ते माझ्यापर्यंत पोचतात.

त्यातल्या एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती रत्नागिरीकडची, नवरा इजिप्तचा, अलेक्झांड्रियाचा. राहायला लिव्हरपूलला. सातवा महिना लागलेला. मुलगा की मुलगी हे त्यांनी मुद्दाम विचारून घेतलं नव्हतं, त्यामुळे भांडायला दोन याद्या. व्हिडिओ कॉलवर ती माझ्याशी मराठीत बोलायची, तो इंग्रजीत, आणि दोघं एकमेकांवर चिडले की ती कोकणीत आणि तो अरबीत. तेव्हा मी गप्प बसायचे. भाषा कळली नाही तरी कोण दुखावलंय ते कळतंच.

तिच्या यादीत मुलीसाठी पहिलं नाव होतं ‘एव्हा’, रोमनमध्ये Ava. छोटं, गोड, शाळेत कुणी अडखळणार नाही. सासूला, म्हणजे त्यांच्याकडच्या भाषेत होणाऱ्या बाळाच्या तेताला, ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. अरबीत ‘व्ह’ हा उच्चार नाही. तेताने रोमन अक्षरं जशी दिसली तशी वाचली आणि व्हॉइस नोटमध्ये ‘आफा’ म्हणून हाक मारून दाखवली. नवरा कपाळाला हात लावून बसला. अरबीत ‘आफा’ म्हणजे अरिष्ट. आपली मराठीतली ‘आफत’ तिथूनच आलेली. ते नाव त्याच दिवशी यादीतून गेलं, अर्थात हसत हसत.

नानीने, म्हणजे तिच्या आईने, रत्नागिरीहून ‘आसिया’ सुचवलं. फिरऔनच्या, म्हणजे इजिप्तच्या फॅरो राजाच्या, नेक बायकोचं नाव, कोकणात अनेक घरांत ऐकू येणारं. पण रोमन लिपीत ते लिहिलं की इंग्रज माणूस सरळ ‘एशिया’ वाचतो. शिवाय अरबीत याच्याशी जुळणारं दुसरं एक नाव आहे, पहिलं अक्षर ‘ऐन’, म्हणजे घशातून येणारा ‘अ’, आणि ‘स’ही वेगळा. त्याचा अर्थ ‘आज्ञा मोडणारी’. अरबी लिपीत दोन्हींत गोंधळ होणं शक्य नाही, पण रोमनमध्ये दोन्ही एकसारखी दिसतात. त्या दुसऱ्या नावाच्या एका बाईचं नाव पैगंबरांनी बदलून ‘जमीला’ ठेवलं, अशी हदीस आहे. नवऱ्याने ती सांगितल्यावर नानी म्हणाली, “मग जमीलाच ठेवा की!” त्यावर तो ओशाळून हसला. कैरो-अलेक्झांड्रियात ‘ज’चा ‘ग’ होतो. तेता तिला आयुष्यभर ‘गमीला’ म्हणणार.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. मुलाच्या यादीशी आलो आणि गंमत संपली. तिला ‘आदम’ हवं होतं. कुराणातही आहे, बायबलमध्येही आहे, इंग्रज ‘ॲडम’ म्हणतील, बिघडलं कुठे? तो ऐकायलाच तयार नव्हता. त्याची नावं होती अम्मार, हैदर, खालिद. एकेक नाव घशातून येणारं. “इंग्लंडात वाढणाऱ्या पोराचं नाव तरी अरबी असू दे,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. नावांवरचं भांडण याच मुक्कामाला येऊन अडलं की मी यादी बाजूला ठेवायला सांगते आणि दोघांना स्वतःच्या नावाबद्दल विचारते. लहानपणी कोण कसं हाक मारायचं, आता कोण कसं मारतं.

त्याच्या नावाची सुरुवात ‘हम्’ अशी आहे, घशातल्या ‘ह’ने. ऑफिसातल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘हॅम’ करून टाकलं. प्रेमानेच. डुकराच्या मांसाच्या नावाने रोज हाक येते, वाढदिवसाच्या केकवरही तेच लिहिलेलं असतं, आणि तो मुसलमान आहे हे बोलण्याच्या ओघात कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही हे त्या दिवशीच कळलं.

तिची भीती वेगळ्या दिशेची होती. 2017 मध्ये बीबीसीच्या लंडनमधल्या एका कार्यक्रमाने दोन सारखेच बायोडेटा 100 नोकऱ्यांसाठी पाठवले होते, एकावर नाव ‘ॲडम’, दुसऱ्यावर ‘मोहम्मद’. ॲडमला मुलाखतीची 12 बोलावणी आली, मोहम्मदला 4. ही बातमी तिने जपून ठेवली होती. तिला ‘आदम’ का हवं, ते आता उघड झालं. आणि त्याला ते का नको, तेही. त्याच्या मते बायको मुलाला जन्माआधीच लपायला शिकवत होती.

अशा वेळी ‘जग बदललंय, काळजी करू नका’ असं म्हणणारा समुपदेशक मला आवडत नाही. तिची भीती हवेतली नव्हती. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 2023 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या मुलग्यांत ‘मुहम्मद’ हेच सगळ्यांत जास्त ठेवलं गेलेलं नाव होतं. ज्या वर्गात दोन-तीन मुहम्मद बसतात, तिथल्या शिक्षिकेला ते नाव शिकवावं लागत नाही. या दोन गोष्टींत कुणी कशाला किती वजन द्यावं, हे मी ठरवू शकत नाही. भीतीपोटी नाव ठेवायचं की नाही हे मात्र दोघांनी उघड बोलून ठरवावं, एवढा आग्रह मी धरते.

मग त्यांना एक काम दिलं. उरलेलं प्रत्येक नाव रोमन लिपीत चिठ्ठीवर लिहायचं आणि काही न सांगता मिडवाइफला, शेजाऱ्याला, ऑफिसातल्या एखाद्याला वाचायला द्यायचं. तेता आणि नानीकडून व्हॉइस नोट मागवायची. नंतर दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून प्रत्येक उच्चारापुढे ‘चालेल’ किंवा ‘नको’ लिहायचं. दोन्ही भाषांत तंतोतंत सारखं उच्चारलं जाणारं नाव जवळपास मिळतच नाही. ‘सारा’ आणि ‘लीना’सुद्धा स्वरांत थोड्या हलतात. तेव्हा बिनचूक नाव शोधण्यापेक्षा कुठली चूक रोज ऐकवेल, ते शोधलेलं बरं.

चिठ्ठ्यांतून जे निघालं ते त्यालाच अनपेक्षित होतं. ‘खालिद’चं शेजाऱ्याने ‘कालिद’ केलं, ते अपेक्षित होतं. पण ‘अम्मार’मधला ऐन नानीला आला नाही, आणि बायकोलाही नाही. तिच्या तोंडी तो साधा ‘अ’च. “म्हणजे मुलाची आईच ते चुकीचं म्हणणार,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने स्वतःच मोहम्मद सालाह या इजिप्शियन फुटबॉलपटूचा विषय काढला. लिव्हरपूलमध्ये राहणारा इजिप्शियन माणूस सालाहवर येणारच! सालाहच्या नावाचा शेवटचा ‘ह’ घशातला. 2017 मध्ये सालाह लिव्हरपूलच्या संघात आला तेव्हापासून आख्खं स्टेडियम ते नाव गायचं आणि तो ‘ह’ एकालाही यायचा नाही. “पण ते ऐकून मला कधी राग आला नाही,” तो म्हणाला. ‘हॅम’चा मात्र येतो. अक्षर गळलं तर चालेल, अर्थ बिघडवणारं तोडकं नाव नको, ही त्याची रेघ त्याची त्यालाच सापडली.

त्या रेघेवर ‘सामी’ टिकलं. अरबीत अर्थ उंच, थोर. घशातलं एकही अक्षर नाही. इंग्रज ‘सॅमी’ म्हणतील, पहिला स्वर आखडतील, आणखी तोडलं तर ‘सॅम’, ज्यात लाजण्यासारखं काही नाही. नानीला पहिल्या झटक्यात जमलं. ‘आदम’ तिने स्वतःहून सोडलं. ते नाव घेतलं की तिला बोलावण्यांचे आकडेच आठवायचे.

एक गाठ उरली. तेताला नातवाला तिच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव द्यायचं होतं, ‘अब्देल’ने सुरू होणारं. इंग्रजी फॉर्ममध्ये अशी नावं हमखास दुभंगतात. अब्देल पहिल्या रकान्यात, उरलेलं मधल्या, आणि वर्गात पोर नुसता ‘अब्देल’, म्हणजे नुसता ‘चा दास’. कुणाचा, ते गायब. पण इजिप्तच्या कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे वडलांचं आणि त्यापुढे आजोबांचं नाव येतंच, जसं आपल्याकडे वडलांचं येतं. आजोबा आपसूक आत येणार होते. हे नवऱ्याला ठाऊक होतंच, आईला समजावताना मात्र त्याचा उपयोग होईल हे सुचलं नव्हतं. तेता राजी झाली.

मुलगा झाला. सातव्या दिवशी अकिका, म्हणजे बाळाच्या जन्माचा कुर्बानीचा विधी, झाला तेव्हा घरात नाव पक्कं होतं, सरकारी नोंद सावकाश केली. इंग्लंडात जन्मनोंदीला 42 दिवस मिळतात, स्कॉटलंडमध्ये 21. इंग्लंडात नोंदीनंतरही 12 महिन्यांच्या आत पहिलं नाव बदलून घेता येतं. बाळंतिणीला घाई करणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगावं.

मला हमखास विचारला जाणारा एक पोटप्रश्न राहिला: घरात एक आणि शाळेत दुसरं नाव ठेवलं तर? पाळण्यातलं एक आणि हाकेचं दुसरं, ही तर आपली जुनीच रीत. दोन्ही नावं घरच्यांनी लाडाने दिलेली असतील तर मुलं त्यात मजेत वाढतात. पण दुसरं नाव पहिलं झाकायला ठेवलं असेल तर सात-आठ वर्षांची मुलं ते बरोबर ओळखतात आणि आजीने शाळेच्या फाटकाशी खऱ्या नावाने हाक मारली की ओ देत नाहीत. तशी मुलंही माझ्याकडे येतात, पण तोवर आईबाप नावाचा वाद कधीच विसरलेले असतात.