वाचकांचे प्रश्न : चुंबकाला चिकटणं वेगळं, चुंबकत्व धरून ठेवणं वेगळं

या खेपेला आलेली चार पत्रं पोलाद आणि चुंबक या जोडीबद्दलच आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त गेली, कारण तिथे मोजमापाचाच घोळ आहे.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या रिंगा केल्या. भिंतीची जाडी ५ मिमी. काही ॲनील केल्या (तापवून सावकाश थंड केल्या), काहींना पाणी दिलं (तापवून पाण्यात बुडवून कडक केलं). त्यांवर दोन वाइंडिंग गुंडाळून मेनचा ५० हर्ट्‌झचा करंट ट्रान्सफॉर्मरमधून देतो आणि ऑसिलोस्कोपवर हिस्टेरेसिस लूप (क्षेत्र उलटसुलट बदलताना चुंबकत्व कसं बदलतं त्याचा बंद आलेख) बघतो. मऊ आणि कडक, दोन्ही रिंगांचे लूप जवळपास सारखेच जाड दिसतात. सूक्ष्मरचना इतकी वेगळी असताना असं का? – विद्यार्थी, सांगली

उत्तर : रिंगा बरोबर असतील, गडबड ५० हर्ट्‌झची आहे. भरीव पोलादात बदलतं चुंबकीय क्षेत्र आतपर्यंत पोचत नाही, एडी करंट, म्हणजे धातूतच उठणारे भोवऱ्यासारखे प्रवाह, त्याला वरच्या थरातच अडवतात. मऊ ईएन-८ ची पर्मिॲबिलिटी (क्षेत्राने सहज चुंबकण्याचं माप) ५०० धरली तर ५० हर्ट्‌झला क्षेत्र जेमतेम दीड मिमी आत शिरतं. तुम्हाला दिसणारी लूपची जाडी बरीचशी एडी करंटची आहे, पोलादाच्या रचनेची नाही. त्यात मऊ रिंगेची पर्मिॲबिलिटी जास्त, म्हणून तिचा लूप जास्त फुगतो, आणि नेमका हवा तो फरक पुसला जातो.

क्षेत्र खूप सावकाश बदललं तर हा दोष जातो, पण मग कॉइलच्या व्होल्टेजची बेरीज करणारा साधा आर-सी इंटिग्रेटर चालत नाही, चांगला फ्लक्समीटर (चुंबकीय फ्लक्स मोजणारं यंत्र) लागतो. तो नसेल तर रिंगांचा नाद सोडा आणि सळीवर काम करा. तुम्हाला मुळात हवी आहे ती कोअर्सिव्हिटी, म्हणजे पोलादात बसलेलं चुंबकत्व शून्यावर आणायला किती उलटं क्षेत्र लागतं तो आकडा. चुंबकत्व शून्य झालं की सळीच्या टोकांचा स्वतःचा विरोधही शून्य होतो. त्यामुळे तोंडं उघडी असलेल्या सळीवरही आकडा खरा येतो.

कॉइल अशी करा. २५ मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप, ३०० मिमी लांब. त्यावर १ मिमीची इनॅमल तार सहा थरांत, एकूण साधारण १,६०० वेढे. तार सव्वा किलोच्या आसपास लागेल, रोध साडेतीन ओहम भरेल. एका अँपिअरला मधोमध सुमारे ५,३०० अँपिअर प्रति मीटर क्षेत्र मिळतं. १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ९-१० अँपिअर, म्हणजे ५०,०००च्या घरात. एवढं हवंच, कारण ६ मिमी व्यासाच्या आणि १२० मिमी लांबीच्या सळीचा स्वतःचा विरोधच दहा-अकरा हजार खातो. बॅटरीचा झटका दोन-तीन सेकंदांचाच द्या. लाइनीत १५ अँपिअरचा फ्यूज आणि कॉइलला उलटा डायोड घाला, नाहीतर स्विच बंद करताना ठिणगी उडून संपर्क जळतात.

सळीच्या टोकाशी, पाइपच्या आत, रेषीय हॉल सेन्सर, म्हणजे क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा सेन्सर, बसवा (एसएस४९ई चालतो, ५ व्होल्टवर एका गॉसला १.४ मिलिव्होल्ट देतो). त्याची चपटी बाजू पाइपच्या अक्षाला समांतर ठेवा, म्हणजे कॉइलचं स्वतःचं क्षेत्र त्याला फारसं दिसत नाही. आधी सळी न घालता वेगवेगळ्या करंटला रीडिंग लिहून ठेवा. मग सळी घालून झटका द्या, करंट शून्यावर आणा, डायोड सोडवून बेंच सप्लाय (करंट बारकाईने वाढवता येणारा पॉवर सप्लाय) उलट्या दिशेने जोडा आणि करंट १०-१० मिलिअँपिअरने वाढवत जा. ज्या करंटला रीडिंग सळीविना असलेल्या रीडिंगइतकं होतं, तिथे चुंबकत्व शून्य. त्या करंटवरून कोअर्सिव्हिटी काढा. चुकून पुढे गेलात तर मागे येऊ नका, पुन्हा झटका देऊन सुरुवात करा. मागे येणारा रस्ता वेगळा असतो, हिस्टेरेसिस म्हणतात ते हेच.

कॉइल पूर्व-पश्चिम ठेवा. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३० अँपिअर प्रति मीटर आहे. पाणी दिलेल्या सळीला तो किरकोळ, पण ॲनील केलेल्या सळीचा आकडाच काही शेकड्यांत असतो, तिथे तो जाणवतो. प्रत्येक सळी दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घेतली की उरलेली चूक कटते.

आता सळ्या. कापणं, टोकं साफ करणं हे सगळं भट्टीच्या आधी उरका. नंतर हॅकसॉ लावली की टोकांत ताण भरतो आणि आकडा वर सरकतो. ८५० अंशांना अर्धा तास ठेवताना सळ्या बिडाच्या किसात पुरून ठेवा. उघड्या भट्टीत कार्बन उडून वर मऊ फेराइटची, म्हणजे जवळपास शुद्ध लोखंडाची, साल तयार होते. साल नुसती ०.१५ मिमी असली तरी ६ मिमीच्या सळीत तिचा वाटा दहा टक्के भरतो. पाण्यात बुडवताना सळी उभी सोडा. वाकली तर ठोकून सरळ करू नका, ती बाद करा. ॲनील, नॉर्मलाइझ (तापवून हवेत थंड), नुसतं पाणी, आणि पाण्यानंतर २००, ४०० व ६०० अंशांचं टेंपरिंग (पुन्हा बेताने तापवणं), अशा सहा अवस्था ठेवा. प्रत्येकी तीन सळ्या हव्यात, एकीवर निष्कर्ष काढू नये.

त्याच सळीचा तुकडा मायक्रोस्कोपसाठी लागणार. तो मोजणी झाल्यावर कापा, आधी नाही. २२० पासून १,००० पर्यंतचे पेपर, मग अ‍ॅल्युमिना, शेवटी २ टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) ५ ते १५ सेकंद. नायट्रिक ॲसिड अल्कोहोलमध्ये थेंबाथेंबाने सोडायचं, उलटं कधीच नाही. आणि मिश्रण घट्ट बुचाच्या बाटलीत साठवायचं नाही.

कारण समजून घेतलंत तर आलेख वाचता येईल. पोलादात एका दिशेने चुंबकलेले छोटे भाग असतात, ते डोमेन. त्यांच्यामधल्या भिंती सरकल्या की चुंबकत्व बदलतं. फेराइटच्या मोठ्या, स्वच्छ कणांत त्यांना वाटेत अडथळा नसतो. पर्लाइटमध्ये फेराइट आणि सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं कडक संयुग) यांचे थर असतात, त्यातली सिमेंटाइटची पातं त्यांना अडवतात. पाणी दिल्यावर होणाऱ्या मार्टेन्साइटमध्ये तर कार्बनने ताणलेली अणूंची जाळी आणि डिसलोकेशनची (जाळीतल्या दोषांची) गर्दी असते, भिंत पावलापावलाला अडते. टेंपरिंग वाढवलं की ही गर्दी ओसरते आणि कोअर्सिव्हिटी उतरते. कडकपणाचा आलेख शेजारी काढा. दोन्ही साधारण एका दिशेने जातात, पण एकावर एक बसत नाहीत, आणि तुमच्या अहवालातली बघण्यासारखी गोष्ट तीच आहे.

प्रश्न : ईएन-३१ च्या पिना हार्डन करून सरफेस ग्राइंडरवर घासतो. मॅग्नेटिक चकवरून काढल्यावर त्यांना बारीक कीस चिकटून राहतो, असेंब्लीत ओरखडे पडतात. माइल्ड स्टीलच्या जॉबला हा त्रास नाही. डीमॅग्नेटायझर आहे, पण काही पिना तशाच राहतात. – कारखानदार, कुपवाड

उत्तर : माइल्ड स्टीलची कोअर्सिव्हिटी शंभर-तीनशे अँपिअर प्रति मीटर असते. चकवरून उचलताना बसलेलं चुंबकत्व बरंचसं आपोआपच सुटतं. एक टक्का कार्बनच्या, पाणी दिलेल्या पोलादाची चार हजारांच्या आसपास. ईएन-३१ त्याच जातकुळीचं आहे. जुन्या काळी कायम चुंबक अशाच पोलादाचे करत.

पिना तशाच राहण्याची तीन कारणं नेहमीची. पहिलं, पीन कॉइलमध्ये असतानाच स्विच बंद होतो. त्या क्षणी करंट शिखरावर असेल तर पीन पुन्हा चुंबक होते. कॉइल चालू ठेवून पीन सरळ, सावकाश, अर्धा ते एक मीटर लांब ओढत न्या आणि मगच बंद करा. दुसरं, मूठभर पिना एकदम आत घालतात. बाहेरच्या पिना आतल्यांना झाकतात. एकेक सोडा, आणि ट्रे लाकडी किंवा प्लॅस्टिकचा वापरा. तिसरं, जाडी. हार्डन केलेल्या पोलादातही ५० हर्ट्‌झचं क्षेत्र चार-पाच मिमीच्या आत दुबळं होतं, तेव्हा २५ मिमीच्या वरच्या जॉबचा गाभा तसाच राहतो. त्याला कमी फ्रीक्वेन्सीचं किंवा दिशा पालटत उतरत जाणारं डीसी यंत्र लागतं.

तापवून काम होईल का, असंही पत्रात विचारलं आहे. १८० अंशांच्या टेंपरिंगने चुंबकत्व जात नाही. लोखंडाचं चुंबकत्व जातं ७७० अंशांना, आणि तिथवर नेलंत तर पिनेचा कडकपणाही जाईल. तपासणीला गॉसमीटर ठेवा, ३ गॉसच्या खाली आलं की सहसा कीस धरत नाही.

प्रश्न : दुधाच्या टाक्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये बनवतो. गिऱ्हाइकाने कडेला आणि वेल्डवर चुंबक लावला, तो किंचित चिकटला, आणि “माल खोटा” म्हणून टाकी परत पाठवली. – फॅब्रिकेटर, सातारा

उत्तर : माल खरा असूनही हे होतं. ३०४ ची मूळ रचना ऑस्टेनाइटची, तिला चुंबक ओढत नाही. पण पत्रा वाकवला, कापला, ठोकला की त्या जागचं थोडं ऑस्टेनाइट मार्टेन्साइटमध्ये बदलतं, आणि ते चिकटतं. वेल्डमध्ये तर भेगा पडू नयेत म्हणून फिलर (वेल्डमध्ये भरायचा धातू) असा निवडतात की थोडं फेराइट राहावं. पत्र्याच्या सपाट मध्यभागी चुंबक लावून दाखवा. तिथे तो घसरून पडला तर शंकेला फारशी जागा नाही. तिथेही जोरात चिकटला तर पत्रा ४३० सारख्या, चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस ग्रेडचा असावा.

खरा धोका उलटा आहे. निकेल कमी, मँगेनीज जास्त असलेले २०१, २०२ हे स्वस्त ग्रेडही चुंबकाला धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाची कसोटी खऱ्या मालाला नापास करते आणि हलक्या मालाला पास. पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट जपून ठेवा, वाद वाढला तर हातातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणाऱ्या) यंत्राने निकेल-मँगेनीज मोजून घ्या. चुंबक चिकटू नये म्हणून टाकी तापवायच्या फंदात पडू नका. ते मार्टेन्साइट घालवायला १,०५० अंशांची भट्टी लागते, टाकी वाकडी होईल.

प्रश्न : विहिरीवरची मोटर रिवाइंड केल्यापासून रिकामी चालतानाही तापते. तारेचा गेज, वेढे तेच आहेत. स्टँपिंगचं (गाभ्यातल्या पातळ पत्र्यांचं) पोलाद खराब झालं असेल का? – शेतकरी, कराड तालुका

उत्तर : पोलादाचे कण सहसा शाबूत असतात, बिघडतो तो पत्र्यांमधला इन्सुलेशनचा लेप. जुनी तार निघावी म्हणून स्टेटर उघड्या जाळावर टाकला की लेप जळतो, पत्रे एकमेकांना टेकतात आणि भरीव लोखंडासारखे एडी करंट वाहू लागतात. जाळायचंच असेल तर तापमानावर ताबा असलेल्या भट्टीत, ३६० अंशांच्या आत. खाचांत कानस मारली असेल तर तिथली बर (धातूची उरलेली बारीक धार) पत्रे जोडते, तीही बघा. बेअरिंग आणि व्होल्टेज ठीक असूनही ताप कमी होत नसेल, तर पुन्हा वाइंडिंगवर खर्च करण्याआधी रिवाइंडरकडून कोअर लॉस (पत्र्यांच्या गाभ्यात उष्णता होऊन वाया जाणारी वीज) मोजून घ्या.