वाचक विचारतात : हसू येतं तरी कुठून?

रोजच्या जगण्यात हसू कशाने येतं, कशाने अडतं आणि कधी नको तिथे फुटतं, याविषयी नाशिककर वाचकांनी विचारलेले हे सहा प्रश्न.

प्रश्न (कॉलेज रोड) : व्हॉट्सॲपवर रोज वीस-पंचवीस विनोद येतात, एकानेही हसू येत नाही. पण रविवारी मित्रांबरोबर मिसळ खाताना कोणी नुसतं ‘अजून रस्सा?’ म्हटलं तरी पोट धरून हसतो. असं का?

कारण हसू विनोदापेक्षा सोबतीला जास्त चिकटलेलं असतं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोक प्रत्यक्षात कधी हसतात याचे सुमारे १२०० प्रसंग टिपले. त्यांत विनोद म्हणता येईल अशा वाक्यावर आलेलं हसू पाचातल्या एका प्रसंगातही नव्हतं. बाकी सगळं ‘चल, येतो मग’ छापाच्या साध्या बोलण्यावर. एकटा माणूस हसतो त्याच्या ३० पट तो चारचौघांत हसतो, असंही त्याच्या नोंदींत दिसलं.

‘अजून रस्सा?’ या दोन शब्दांमागे मागच्या रविवारी कुणाचं नाक वाहिलं, कुणी ताकाचे तीन ग्लास संपवले, हे सगळं उभं असतं. ते बाहेरच्याला दिसत नाही, तुम्हा चौघांना दिसतं.

पडताळून पाहायचं असेल तर सात दिवस वही ठेवा. चार रकाने आखा : कोण होतं, कुठे होतो, कोणत्या वाक्यावर हसलो, आणि त्याआधी काय घडलं होतं. चौथा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि मग आठवड्याने वाचताना नोंद कोरडी वाटते. त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी वाक्य आठवतं, त्यातला सूर आठवत नाही. व्हॉट्सॲपचं म्हणाल, तर पंचवीसातला एक निवडून जेवताना कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. फरक लगेच कळेल.

प्रश्न (पंचवटी) : प्रसंग घडताना सगळे खो-खो हसतात, पण तोच घरी सांगितला की कोणी हसत नाही. सांगण्यात काय चुकतं?

बहुतेक वेळा ऐकणाऱ्याला शोधायला काही उरलेलं नसतं. उदाहरण घेऊ.

‘काल भाऊजींनी फोनवर चक्क थाप मारली. म्हणे द्वारकेवर ट्रॅफिकमध्ये अडकलोय, पण होते घरीच, कारण मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.’

माहिती सगळी आली, हसू आलं नाही. ‘थाप’ हा शब्द पहिल्याच वाक्यात पडला आणि प्रसंग तिथेच संपला. आता हे पाहा :

‘साडेसातला भाऊजींना फोन लावला. म्हणाले, द्वारकेवर अडकलोय, दहा मिनिटांत पोचतो. आणि मागे कुकरची शिट्टी झाली.’

इथे थाप हा शब्दच नाही. ती ऐकणाऱ्याने पकडायची, आणि पकडल्याचा आनंद म्हणजेच ते हसू. म्हणून शिट्टी अगदी शेवटी हवी. तिच्यानंतर एक शब्दही नको. विशेषतः ‘म्हणजे’ नको! ‘म्हणजे ते घरीच होते ना’ असं जोडलंत, की हसायला उघडलेलं तोंड मिटतं.

ऐकणारे भाऊजींना ओळखत नसतील तर आधी एक वाक्य द्या : ‘आमचे भाऊजी लग्नालासुद्धा मंगलाष्टकं संपल्यावर पोचतात.’ एकच. तीन वाक्यं ओळखीत गेली तर लोक प्रसंगाची वाट पाहून थकतात. ‘आणि मागे’च्या आधी एक श्वास थांबा; त्याहून लांब थांबलात तर पुढे काहीतरी येणार हे समोरच्याला कळतं. ‘द्वारका’ हा तपशील नाशकात मुळीच गाळू नका, कारण तिथली कोंडी माहीत असल्याने भाऊजींचं कारण क्षणभर खरं वाटतं, आणि ते आधी खरं वाटायलाच हवं. हाच प्रसंग पुण्यात सांगताना तिथल्या लोकांना पटेल असा चौक घ्या.

स्वतः हसावं का? शेवटी जरूर हसा. बोलणारा ऐकणाऱ्यापेक्षा जास्त हसतो, हेही प्रोव्हाइनच्या नोंदींतलंच. मध्येच हसलात तर मात्र नेमका महत्त्वाचा शब्द हसण्यात गिळला जातो. आणि ‘ऐका, हसून हसून लोळाल’ अशी सुरुवात कधीही करू नका. ऐकणारा लगेच परीक्षक होऊन बसतो.

प्रश्न (सिडको) : फोटोत घरातल्या सगळ्यांचं हसू खोटं का दिसतं?

ओठांची टोकं वर ओढणारा स्नायू आपलं ऐकतो, डोळ्यांभोवतीचा सहसा ऐकत नाही. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी हे १८६२ मध्ये मांडलं. ‘एक, दोन, तीन’ मोजेपर्यंत ओठ ताणलेले राहतात आणि डोळे कोरडे पडतात. मोजू नका. सगळ्यांना कॅमेऱ्याऐवजी एकमेकांकडे बघायला सांगा, कुणाला तरी घरच्या लाडक्या नावाने हाक मारा आणि हसण्याचा पहिला भर ओसरताना बटण दाबा. भर असताना घेतलेल्या फोटोत तोंडं वेडीवाकडी येतात.

प्रश्न (जुने नाशिक) : रामकुंडावर दशक्रियेला बसलो होतो. कावळा पिंडाला शिवेना, सगळे शांत. तेवढ्यात चुलतभावाचा मोबाइल नाचाच्या गाण्यावर वाजला आणि मला हसू आवरेना. फार लाज वाटली. हा गेलेल्या माणसाचा अनादर झाला का?

नाही. हे मनापासून सांगतो. दहा दिवसांचा ताण, सक्तीची शांतता आणि तिला न शोभणारा आवाज एकत्र आले, की शरीर त्या ताणाला मिळेल त्या वाटेने बाहेर काढतं. दुःख खरं असतानाही हे होतं.

आवरायचं कसं? पहिलं, ज्याच्याकडे पाहून हसू वाढतं त्याच्याकडे पाहू नका. दोघांची नजर भिडली की संपलं. दुसरं, हसू हे तुटक तुटक उच्छ्वासावर चालतं, म्हणून नाकाने सावकाश चार आकडे श्वास आत घ्या आणि सहा ते आठ आकड्यांत सोडा. बहुतेक जण उलट करतात, तोंड घट्ट मिटून श्वास कोंडतात. मग तो नाकातून फुटतो आणि आवाज जास्तच होतो. तिसरं, डोळ्यांना काम द्या : घाटाच्या पायऱ्या मोजा. पाणी पिऊ नका, ठसका लागेल. तरीही आवरत नसेल तर फुटायच्या आधी उठा आणि बाजूला जा. उपरण्यात तोंड लपवून गेलेल्या माणसाला तिथे कोणी काही विचारत नाही.

एक वेगळी गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पक्षाघातानंतर किंवा मेंदूच्या आजारात काहींना कारण नसताना वारंवार हसू किंवा रडू येतं आणि थांबवता येत नाही. ते मनाचं दुबळेपण नव्हे. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, त्यावर औषधं आहेत. हसता हसता गुडघ्यातली शक्ती जाऊन खाली बसावं लागत असेल, तरीही दाखवा.

प्रश्न (नाशिकरोड, वय ४६) : मोठ्याने हसलं की लघवीचे थेंब जातात. म्हणून आता मैत्रिणींच्या भिशीला जाणंच सोडलंय.

भिशी सोडू नका. पोटावर अचानक दाब आला आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल असले की असं होतं. बाळंतपणानंतर आणि पाळी जायच्या सुमारास हे बऱ्याच बायकांना होतं. उपाय व्यायामाचा आहे. वायू रोखताना जे स्नायू आवळतो ते आत आणि वर ओढा, जमेल तितके सेकंद धरा, तितकाच वेळ सैल सोडा. असं एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. फरक हळूहळू पडतो, तीन आठवड्यांत सोडून देऊ नका. चूक होते ती इथे : पोट, मांड्या किंवा नितंब आवळले जातात, नाहीतर श्वास रोखला जातो. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नका. हसू येतंय असं वाटलं की त्याआधीच स्नायू आवळायची सवय लावा. जळजळ होत असेल, रक्त दिसलं, किंवा तीन महिन्यांत फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न (सातपूर) : पाच वर्षांच्या मुलाला गुदगुल्या केल्या की तो खिदळतो, पण ‘नको नको’ही म्हणतो. थांबावं का?

लगेच. गुदगुल्यांचं हसू आपोआप निघतं, त्यावरून आनंद मोजता येत नाही. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, कारण आपला हात कुठे लागणार हे मेंदूला आधीच कळतं. दुसऱ्याचा हात कळत नाही, म्हणून ते हसू आणि म्हणूनच ती धास्तीही. मुलाला एक शब्द ठरवू द्या, ‘बस’ किंवा त्याला आवडेल तो. तो उच्चारताच दोन्ही हात वर. आजोबा, मामा, आत्या, सगळ्यांना हा नियम सांगून ठेवा. मग दोन-तीन सेकंद काहीच करू नका, नुसतं त्याच्याकडे बघा. त्याने तुमचा हात ओढून ‘परत!’ म्हटलं, तरच परत.