पसरीचा सरांवर बोलणार आहेस, तर...

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

विभागाच्या कार्यक्रमात त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जे. एस. पसरीचा यांच्या कामावर तू बोलणार, हे वाचून बरं वाटलं. भाषणाचा मसुदा मात्र पुन्हा लिही. पदं, पुरस्कार, 'त्वचारोगशास्त्राचे भीष्माचार्य' वगैरे ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि चहाला जातात. पेम्फिगसपासून, म्हणजे तोंडात आणि अंगावर फोड आणणाऱ्या त्या आजारापासून, सुरुवात कर.

समोर बसलेल्या पोरांपैकी निम्म्यांनी हा आजार पाहिलेला नसणार. त्यांना आधी पेशंट दाखव. तोंडातले व्रण महिनोन्महिने भरत नाहीत, वरणभातसुद्धा झोंबतो. आधी दातांच्या डॉक्टरकडे चकरा, मग कान-नाक-घशाच्या. मग अंगावर ढिले फोड येतात आणि फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडीही बोटाने जरा दाबून सरकवली की सोलून निघते. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या डेस्मोग्लिन या प्रथिनावर शरीराचीच प्रतिपिंडं उलटलेली असतात. हे एका वाक्यात उरक. चादर जखमेला चिकटते म्हणून या पेशंटला केळीच्या पानांवर झोपवतात, ते मात्र सविस्तर सांग. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून पानांची गुंडाळी आणायची, ऑटोक्लेव्ह करायची (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक), देठाची जाड शीर काढून अंथरायची. आमच्या वेळी वॉर्डातल्या मावशी हे काम आमच्यापेक्षा चांगलं करायच्या.

स्टिरॉइड्स येण्याआधी पेम्फिगस म्हणजे बहुतेकदा मृत्यूच. स्टिरॉइड्स आली, माणसं वाचू लागली; पण रोजच्या मोठ्या डोसाने साखर वाढायची, हाडं ठिसूळ व्हायची, जंतुसंसर्ग व्हायचा. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्समध्ये पसरीचा सरांनी जे केलं त्यात नवं औषध एकही नव्हतं. बदललेली किडनी शरीर नाकारू लागलं की मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे मोठे डोस थोडे दिवस देत असत. ते महाग, म्हणून सरांनी स्वस्तातलं स्टिरॉइड, डेक्सामेथासोन, घेतलं: सलग तीन दिवस रोज 100 मिलिग्रॅम शिरेतून, त्यातल्या एका दिवशी प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड 500 मिलिग्रॅम, एरवी त्याचीच 50 मिलिग्रॅमची गोळी रोज. दर 28 दिवसांनी पुन्हा तेच. अशा तीन दिवसांच्या मोठ्या डोसाला 'पल्स' म्हणतात. 1984 साली पेपर आला.

त्यांचं खरं मोठेपण मला यापुढे दिसतं. फोड गेले, पेशंट हसत घरी गेला, तरी उपचार चालूच. पुढे ठरलेल्या पद्धतीत त्यानंतरही नऊ महिने पल्स, मग नऊ महिने नुसती सायक्लोफॉस्फामाइडची गोळी, मग औषध बंद करून फक्त लक्ष ठेवायचं. मुरबाड-शहापूरकडच्या, रोजंदारी बुडवून येणाऱ्या माणसाला बरं वाटत असताना 28व्या दिवशी पुन्हा सलाइन लावायला बोलवायचं, ही काय चीज आहे ते तुला सांगायला नको. तो आला नाही तर का आला नाही, हे शोधणारं कुणीतरी लागतं. संशोधनासाठी परदेशातली लॅबच हवी असं मला मागे म्हणाली होतीस ना? या कामात लॅबपेक्षा पेशंटच्या नोंदींच्या वहीला जास्त किंमत होती.

आता टीकेचं. गौरवाच्या भाषणात ती नको, असं तुझे तिथले सर म्हणतील, तू घाल. ही पद्धत देशभर पसरली, पण तिची इतर उपचारांशी काटेकोर तुलना फार थोडी झाली. सायक्लोफॉस्फामाइडने पाळी बंद होऊ शकते, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून तरुण पेशंटना ते औषध देणं टाळायचे. पसरीचा सरांनी स्वतःही पद्धतीत फेरफार करून 2008 साली ते छापले. 2017च्या फ्रेंच चाचणीत रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींच्या मुळावर घाव घालणारं इंजेक्शन) आणि थोड्या काळाचं स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी 89 टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाशिवाय बरे होते. नुसत्या स्टिरॉइडवरचे 34 टक्के. पुढच्या वर्षी अमेरिकेत रिटुक्सिमॅबला पेम्फिगससाठी मान्यता मिळाली. आज खर्च झेपणाऱ्याला मी तेच सुचवतो. हे सांगितल्याने सरांचं काही कमी होत नाही.

(काँग्रेस गवताच्या ॲलर्जीवरचं त्यांचं काम आपल्याकडच्या लोकांना जास्त जवळचं वाटेल, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय. मोह टाळ.)

एक राहिलं. पेशंटचे फोटो दाखवणार असशील तर लेखी परवानगी घे आणि चेहरे झाक. कार्यक्रम कळव्यातच आहे, आणि वॉर्डबॉयपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे आसपासचेच. हातावरच्या गोंदणावरूनसुद्धा माणूस ओळखू येतो, तेव्हा तेही तपास.

तुझा,
सर